सीएसआर-१ चा नंबर काढताना : इंदूरमधल्या एका जुन्या संस्थेचे कागद

कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा, म्हणजे सीएसआरचा, पैसा घ्यायचा तर संस्थेला कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ हा फॉर्म भरून नोंदणीचा नंबर काढावा लागतो. या फॉर्मला सरकारी फी नाही. कागद हाताशी असतील तर तो तासाभरात भरून होतो, आणि मंजुरीसाठी कोणा साहेबाच्या टेबलावरही जात नाही. पाठवला की नंबर आपोआप तयार होतो. तरी इंदूरमधल्या बऱ्याच जुन्या मराठी संस्था या नंबरावाचून आहेत. त्यांचं घोडं फॉर्मच्या आधीच अडतं. कुणाची धारा २७ (पदाधिकाऱ्यांची वार्षिक यादी) राहिलेली, कुणाचं पॅनवरचं नाव वेगळं, कुणाच्या नियमावलीत नको ते वाक्य. रामबागेतल्या अशाच एका नोंदणीकृत संस्थेचं काम आम्ही केलं. वाचनालय, फिजिओथेरपी केंद्र आणि संध्याकाळचे शिकवणी वर्ग एवढा तिचा पसारा. त्यात काय काय लागलं आणि गाडी कुठे, का अडते, ते इथे लिहितो आहोत. आयकराचं आमचं सगळं काम १९६१च्या कायद्याखाली झालं, म्हणून कलमांचे आणि फॉर्मचे आकडे त्या कायद्यातले आहेत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५चा नवा आयकर कायदा लागू आहे, तेव्हा आकडे आपल्या सीएंकडून ताडून घ्यावेत.

आधी पैसा कसला आहे ते. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीची नेटवर्थ ५०० कोटी किंवा जास्त, किंवा उलाढाल १,००० कोटी किंवा जास्त, किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा जास्त असेल, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात. तिन्हींपैकी एक निकष लागला तरी पुरे. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे. कंपनीच्या दृष्टीने हा कायद्याने नेमून दिलेला खर्च असतो, आणि तो कायद्याच्या अनुसूची ७ मधल्या विषयांवर झाला हे तिला दाखवावं लागतं. आपल्या प्रबंधकारिणीला मात्र ती देणगीच वाटते. जुन्या ओळखीच्या शेठजींनी चेक द्यावा, आपण पावती फाडावी, स्मरणिकेत पानभर जाहिरात छापावी, ही सवय हाडीमाशी मुरलेली आहे.

म्हणून पहिल्या बैठकीत आम्ही संस्थेच्या मागण्यांची यादी घेऊन तिची काटछाट केली. स्मरणिकेची जाहिरात गेली, कारण मार्केटिंगसाठीची स्पॉन्सरशिप नियमांनीच वगळली आहे. गणेशोत्सवाचा मंडप आणि शरदोत्सवातली मैफल गेली, कारण मॅरेथॉन, पुरस्कार, कार्यक्रमांचं प्रायोजकत्व असे एकदाच होणारे कार्यक्रम सीएसआरमध्ये धरू नयेत असं मंत्रालयाने २०१४च्या परिपत्रकातच सांगितलं आहे. सगळ्यात जास्त वाद झाला तो कायम निधीवरून. मुद्दल बँकेत ठेवून व्याजावर संस्था चालवणं ही आपल्या संस्थांची रीत. पण २२ जानेवारी २०२१च्या नियमबदलानंतर कोणत्याही संस्थेच्या कॉर्पसमध्ये घातलेली रक्कम सीएसआर खर्च म्हणून चालत नाही. उरली ती तीन कामं: फिजिओथेरपीची यंत्रं आणि थेरपिस्टचा पगार, शिकवणी वर्ग, आणि वाचनालय. सार्वजनिक वाचनालय अनुसूचीत कला आणि वारसा यांच्याच कलमात नाव घेऊन आलेलं आहे, हे बऱ्याच ग्रंथपालांच्या गावीही नसतं.

नोंदणी कुणाला मिळते? सोसायटी, सार्वजनिक ट्रस्ट किंवा कलम ८ची (नफा न वाटणारी) कंपनी यांना, पण सर्वसाधारणपणे आयकराचं १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) अशी दोन्ही असतील तर. एकावर भागत नाही. ट्रस्टवाल्यांसाठी इथे एक मेख आहे. मध्य प्रदेशात सार्वजनिक ट्रस्टचा १९५१चा कायदा आहे आणि त्याची नोंदणी कलेक्टर कचेरीतल्या रजिस्ट्रारकडे होते. सब-रजिस्ट्रारकडे ट्रस्ट डीड नोंदवलं म्हणजे काम झालं असं समजून चालणाऱ्यांना कंपनीचा वकील नेमकं हेच विचारतो. कलम ८च्या कंपन्यांचं रजिस्ट्रार ऑफिस ग्वाल्हेरला आहे, त्यामुळे इंदूरचे लोक हमखास विचारतात की सीएसआर-१ साठी ग्वाल्हेरच्या चकरा माराव्या लागतात का. नाही. सगळं मंत्रालयाच्या पोर्टलवर होतं.

आमची संस्था सोसायटी, म्हणजे मध्यप्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम १९७३ खालची. तिथली दोन कामं दर वर्षी करायची असतात: धारा २७ खाली प्रबंधकारिणीची यादी, आणि धारा २८ खाली ऑडिट झालेला हिशेब. काही वर्षांचं राहून गेलेलं असतंच. यादी गेलेली नसेल तर फर्म्स अँड सोसायटीच्या, म्हणजे सोसायट्या नोंदवणाऱ्या कचेरीच्या, दप्तरी जुनीच प्रबंधकारिणी असते, आणि तिच्यातले एक-दोन जण हयातही नसतात. मग आज ज्यांची सही आहे ते कागदोपत्री कोणीच नसतात. ठराव त्यांच्या नावाचा, डिजिटल सही त्यांची, आणि यादीत नाव नाही. त्यामुळे क्रम असा ठेवावा: आधी राहिलेल्या वर्षांची धारा २७-२८ भरून टाकायची, मग ताज्या यादीची प्रमाणित प्रत काढायची, आणि त्या यादीतल्याच एका पदाधिकाऱ्याला अधिकार देणारा ठराव करायचा. ठराव इतिवृत्ताच्या वहीत लिहून, हजर सभासदांच्या सह्यांसकट. लेटरहेडवर टाइप केलेला सुटा ठराव पोर्टलवर चढेलही, पण कंपनीची तपासणी आली की वहीच मागतात.

मग नाव. नोंदणीचं प्रमाणपत्र हिंदीत, त्यावर 'मंडल'. पॅनवर इंग्रजीत एक स्पेलिंग, बँकेच्या पासबुकात दुसरं, आणि दारावरच्या पाटीवर मराठीत 'मंडळ'. पाटीचं काही अडत नाही. पॅन आणि प्रमाणपत्र मात्र जुळलंच पाहिजे, आणि नावाबरोबर स्थापनेची तारीखही. जुन्या संस्थांनी पॅन काढताना घाईत भलतीच तारीख टाकलेली असते, कधी नोंदणीची न टाकता पहिल्या सभेची. पॅनदुरुस्तीचा अर्ज आधी करून ठेवावा. तो होईपर्यंत पुढचं काही हलत नाही. पॅनचं चौथं अक्षरही बघून घ्या. संस्थेच्या पॅनमध्ये तिथे टी किंवा ए असतं, कलम ८च्या कंपनीच्या पॅनमध्ये सी. पी असेल तर तो माणसाचा पॅन आहे, आणि खातं कधीकाळी चिटणीसांच्या पॅनवर उघडलेलं आहे. अशा खात्यात कंपनी एक रुपया टाकणार नाही.

खरी मेहनत ८०जीला लागते. आमच्याकडे नियमावलीची जुनी हिंदी प्रत होती. उद्देशांच्या पहिल्याच कलमात संस्था अमुक ज्ञातीतल्या होतकरू विद्यार्थ्यांना मदत करील असं लिहिलेलं. त्या काळी सगळ्याच संस्था असं लिहीत. पण ८०जीची अटच अशी आहे की संस्था एखाद्या विशिष्ट धर्माच्या किंवा जातीच्या लाभासाठी असल्याचं दिसता कामा नये. मराठी भाषेचं, साहित्याचं काम या अटीत अडकत नाही, कारण भाषा म्हणजे जात नव्हे. जातीचं नाव आलं की मात्र नोटीस आलीच म्हणून समजा. उत्तरात 'प्रत्यक्षात सगळ्यांनाच मदत करतो' एवढं लिहून भागत नाही, कारण अधिकारी लिहिलेला उद्देश वाचतो. उद्देश बदलायचा तर सर्वसाधारण सभा, रजिस्ट्रारकडे दुरुस्ती, आणि १२ए आधीपासून असेल तर बदल स्वीकारल्यापासून ३० दिवसांच्या आत आयकराकडे नवा अर्ज. हे ३० दिवस हटकून विसरले जातात, कारण सोसायटीच्या कचेरीतून दुरुस्तीची प्रत मिळेपर्यंत लोक वाट बघत बसतात.

संस्थेच्या आवारात गणपतीचं देऊळ असेल तर घाबरायचं कारण नाही. धार्मिक कामावरचा खर्च वर्षाच्या एकूण उत्पन्नाच्या ५ टक्क्यांच्या आत असेल तर ८०जीला बाध येत नाही. पण तो हिशेबात वेगळा दिसला पाहिजे. 'उत्सव व किरकोळ' अशा एका खात्यात पुजाऱ्याचं मानधन, सतरंज्यांचं भाडं आणि बक्षिसांची पुस्तकं एकत्र टाकली असतील, तर ५ टक्के कुठे संपतात ते तुम्हालाच सांगता येणार नाही. विसर्जनाचं कलमही तपासा. संस्था बंद पडली तर मालमत्ता तशाच दुसऱ्या धर्मादाय संस्थेकडे जाईल आणि सभासदांत वाटली जाणार नाही, असं स्पष्ट लिहिलेलं हवं.

१२ए-८०जी नव्याने घेणाऱ्या संस्थेला फॉर्म १०ए वर तीन वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळते. ती पक्की करायला फॉर्म १०एबी. मुदत संपण्याच्या किमान सहा महिने आधी, किंवा काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत, यांतलं जे आधी येईल तेव्हा. ज्या जुन्या संस्थांनी २०२१ नंतर फेरनोंदणी करून घेतली, त्यांपैकी बहुतेकांची पाच वर्षं ३१ मार्च २०२६ ला संपत होती, म्हणजे नूतनीकरणाचा अर्ज ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत जायला हवा होता. आता लहान संस्थांना, म्हणजे आधीच्या दोन्ही वर्षांत उत्पन्न ५ कोटींच्या आत असलेल्यांना, १२ए दहा वर्षांसाठी मिळू शकतं. ८०जी मात्र पाचच वर्षांचं राहिलं आहे. दोन्हींच्या तारखा आता वेगवेगळ्या पडतील, तेव्हा दोन्ही भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहून ठेवा. मध्य प्रदेशातल्या संस्थांचं हे काम आयकर खात्याच्या भोपाळच्या एक्झम्प्शन आयुक्तांकडे चालतं, पण नोटिसा आयकराच्या पोर्टलवर आणि ईमेलवर येतात. ज्याच्या ईमेलवर येतात त्याने तो रोज उघडला पाहिजे. नोटिशीत कामाचे पुरावे मागतात: फोटो, लाभार्थ्यांच्या याद्या, बिलं, पगारपत्रक. फिजिओथेरपी केंद्राचं रोजचं रजिस्टर, ज्यात पेशंटचं नाव, तारीख आणि सही होती, तेच आमच्या फार कामी आलं. छापील अहवालाने तेवढं वजन पडलं नसतं.

एवढं झालं की फॉर्म. एमसीए, म्हणजे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या, पोर्टलवर लॉगिन काढायचं, सही करणाऱ्याची क्लास ३ डीएससी (डिजिटल सही) तिथे जोडायची. डीएससीवरचं नाव त्याच्या पॅनप्रमाणे असावं, आणि टोकनची (ती सही ज्यात असते त्या पेनड्राइव्हसारख्या वस्तूची) मुदत संपलेली नसावी. अध्यक्षकाकांच्या नावाने कधीतरी घेतलेला आणि कपाटात पडलेला टोकन बहुधा संपलेलाच असतो. फॉर्ममध्ये संस्थेचा प्रकार, नोंदणी क्रमांक, तारीख, पॅन, पत्ता, ईमेल, पदाधिकाऱ्यांची नावं आणि पॅन. सोबत प्रमाणपत्र आणि संस्थेच्या पॅनची प्रत. १२ए-८०जीचे आदेश जवळ ठेवा. शेवटी प्रॅक्टिस करणारे सीए, सीएस किंवा कॉस्ट अकाउंटंट आपल्या डिजिटल सहीने प्रमाणित करतात. ईमेल संस्थेचा स्वतःचा द्यावा. सीएच्या ऑफिसचा दिला की ओटीपीपासून नंबराच्या पत्रापर्यंत सगळं तिकडे जातं, आणि सीए बदलले की संस्थेला आपलाच नंबर शोधत फिरावं लागतं. नंबर सीएसआर या अक्षरांनी सुरू होतो आणि पुढे आकडे. १ एप्रिल २०२१ पासून तो नसेल तर कंपनी तुमच्यामार्फत सीएसआरचं काम करूच शकत नाही.

नंबर असला म्हणजे पैसा येतो असंही नाही. बाजारात '१२ए, ८०जी, दर्पण (नीती आयोगाच्या पोर्टलवरची नोंदणी), सीएसआर-१ आणि फंडिंगची हमी' असं पॅकेज विकणारे भेटतात. हमी कोणीच देऊ शकत नाही. वर कमिशन किंवा काही टक्के रोख परत मागणारा भेटला तर त्याला दारातूनच निरोप द्यावा. तो पदाधिकाऱ्यांना तुरुंगाच्या वाटेवर नेतो आहे. दुसरी गोष्ट, नियमात अशा संस्थेला तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा असं म्हटलंय. 'तशाच' या शब्दाकडे लक्ष द्या. पंचवीस वर्षं वाचनालय चालवणारी संस्था डायलिसिससाठी अर्ज घेऊन गेली तर तिचा अनुभव शून्य धरला जातो.

कंपनी शोधायला नॅशनल सीएसआर पोर्टल उघडा. कोणत्या कंपनीने कोणत्या राज्यात, कोणत्या विषयावर किती खर्च केला ते तिथे दिसतं. आपल्याला पीथमपूर जवळ, पण तो जिल्हा धार. आपला परिसर आणि आसपासचा भाग यांना प्राधान्य द्यावं असं कायदाच म्हणतो, म्हणून तिथल्या कारखान्याला प्रस्ताव देताना 'इंदूर शहर' एवढ्यावर न थांबता पीथमपूर-महू पट्ट्यातले किती पेशंट येतात ते रजिस्टरमधून काढून दिलं. प्रस्ताव एप्रिल-मे मध्ये पोचावा. कंपन्यांचे वार्षिक आराखडे तेव्हा ठरतात. दिवाळीनंतर गेलेल्याला पुढल्या वर्षी बघू असं उत्तर मिळतं.

बजेटमध्ये एक गैरसमज दोन्ही बाजूंना असतो. प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या आत, ही मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चाला आहे. थेरपिस्टचा पगार, केंद्राची वीज, यंत्राची देखभाल हा प्रकल्पाचा खर्च, तो त्या ५ टक्क्यांत कोंबायचा नसतो. कंपनीचा माणूस कोंबायला सांगतो तेव्हा मंत्रालयाचं २५ ऑगस्ट २०२१चं प्रश्नोत्तराचं परिपत्रक पुढे ठेवावं. वाद तिथेच मिटतो. यंत्रांची मालकी कुणाची तेही करारातच लिहून घ्या. सीएसआरमधून घेतलेली मालमत्ता कंपनीच्या नावे राहू शकत नाही. ती नंबर असलेल्या संस्थेची, लाभार्थी गटाची किंवा सरकारी यंत्रणेची असते.

कंपनीत परकीय भांडवल निम्म्याहून जास्त असेल तर एफसीआरएचा, म्हणजे परदेशी देणग्यांवरच्या कायद्याचा, प्रश्न येतो. २०१६च्या दुरुस्तीनंतर, ते भांडवल फेमाने (परकीय चलनाच्या कायद्याने) त्या क्षेत्राला घालून दिलेल्या मर्यादेत असेल तर कंपनी परकीय स्रोत धरली जात नाही. तसं पत्र कंपनीकडूनच घ्या आणि फाइलला लावा.

पाटीचा मजकूरही आधी ठरवा. कंपनीचं नाव आभारापुरतं असेल तर ती रक्कम देणगीच राहते आणि जीएसटी लागत नाही. ऑक्टोबर २०१९च्या परिपत्रकात तसं स्पष्ट आहे. पण पाटीवर उत्पादनाचं चित्र, घोषवाक्य, शोरूमचा पत्ता आला की ती जाहिरात झाली, आणि जाहिरातीची सेवा दिली म्हणून करमागणी तुमच्या दारात. '…यांच्या सहकार्याने' एवढी एक ओळ पुरे.

पैसा आल्यावरचं सगळं मार्चभोवती फिरतं. कंपनीने तुम्हाला रक्कम दिली म्हणजे तिचा खर्च झाला, असं नसतं. तुम्ही ती वापरली आणि दाखला दिला, तेव्हाच झाला. कंपनीच्या सीएफओंना (वित्तप्रमुखांना) तसं प्रमाणित करावं लागतं. म्हणून २० मार्चला पैसे टाकून ३१ मार्चचा युटिलायझेशन (रक्कम वापरल्याचा) दाखला मागतात. असा दाखला खर्च न करता देऊ नये. काम पुढच्या वर्षात जाणार असेल तर कंपनीला ते 'ऑनगोइंग प्रोजेक्ट' म्हणून बोर्डाकडून ठरवून घ्यायला सांगा. मग न वापरलेली रक्कम ती ३० दिवसांच्या आत वेगळ्या खात्यात ठेवते आणि तीन वर्षांत खर्चता येते. इकडे संस्थेलाही करसवलतीसाठी वर्षाच्या उत्पन्नाचे ८५ टक्के खर्च दाखवायचे असतात. मार्चमध्ये आलेली रक्कम उरली तर फॉर्म ९ए किंवा फॉर्म १० मुदतीत भरायला लागतो. एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांवर रोख दिलेलं या ८५ टक्क्यांत धरत नाहीत, म्हणून सुताराचं बिलसुद्धा बँकेतून द्यावं. प्रकल्पासाठी वेगळं खातं, आणि प्रत्येक मूळ बिलावर प्रकल्पाचं नाव लिहिलेला शिक्का, म्हणजे तेच बिल दोन कंपन्यांच्या हिशेबात गेल्याचा संशय येत नाही.

३१ मे पर्यंत फॉर्म १०बीडी भरून देणगीदारांचं विवरण द्यायचं असतं. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. सीएसआरची रक्कम त्यात 'स्पेसिफिक ग्रँट' म्हणून टाका. ऑपरेटर सवयीने 'कॉर्पस' निवडतो, तसंच देणगीदाराला द्यायचं १०बीईचं प्रमाणपत्र निघतं, आणि कॉर्पसला तर सीएसआर चालत नाही. मग कंपनीच्या ऑडिटरचा फोन येतो आणि विवरण दुरुस्त करून नवं प्रमाणपत्र पाठवावं लागतं.